किडनी बसली, आता सांभाळायची

ऑपरेशन कसं झालं, हे लोक मला अजून विचारतात. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. भूल दिलेली, मी झोपलो होतो. बाजूच्या थिएटरात ताई झोपली होती. तिची डावी किडनी काढली, माझ्या पोटात उजव्या बाजूला खाली बसवली, आणि आम्ही जागे झालो तोवर सगळं आटोपलं होतं. सांगण्यासारखं आहे ते त्यानंतरचं, आणि ते सहसा कुणी विचारत नाही. पेढे वाटून झाले की गावाच्या लेखी मास्तर बरा झाला.

मी डिचोली तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो. पस्तिशीत लघवीला फेस येऊ लागला, रक्तदाब बघितला तर १६०च्या वर. बायोप्सीत ‘आयजीए नेफ्रोपथी’ निघाली. यात शरीराचीच एक जातीची प्रतिपिंडं मूत्रपिंडाच्या गाळण्यांत साचतात आणि गाळण्या हळूहळू निकामी होतात. काही वर्षं गोळ्यांवर निभावली. मग म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात डायलिसिस, आठवड्याला तीनदा, दर खेपेला चार तास. त्याबद्दल लिहायचं तर तो वेगळा लेख होईल.

ताईने स्वतःहून विषय काढला. सख्ख्या भावंडांत ऊतींचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता चारात एक, अर्धा मेळ बसण्याची दोनात एक, आणि काहीच न जुळण्याची पुन्हा चारात एक. आमचं अर्धं जुळलं आणि क्रॉसमॅच निगेटिव्ह आली, म्हणजे तिच्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडं माझ्या रक्तात आधीपासून नव्हती. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात बहीण जवळच्या नात्यात मोडते, त्यामुळे कागदपत्रांचा त्रास कमी. तरी तिची एकटीची मुलाखत झाली, कॅमेरा लावून, कुणी दबाव आणला का म्हणून. भावोजींची हरकत नव्हती. त्यांच्या आईची होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. मला त्या म्हाताऱ्या बाईंचा राग आला नाही. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. घरातल्या एका तरी माणसाने सुनेच्या बाजूने विचारलं, ते बरंच झालं.

ताईची किडनी टेबलावरच लघवी करू लागली, असं नंतर सर्जननी सांगितलं. पुढचे काही दिवस कित्येक लिटर लघवी आणि तितकंच सलाइन. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, ९च्या वर होतं ते १.३ वर आलं आणि तिथे थांबलं. माझ्या जुन्या दोन्ही किडन्या आत जागच्या जागीच आहेत. त्या काढत नाहीत, हे ऐकून आईला फार आश्चर्य वाटलं. मूत्रवाहिनी नीट जुळावी म्हणून आत एक बारीक नळी ठेवतात, डीजे स्टेंट. ती काही आठवड्यांनी दुर्बीण घालून काढली. त्या दिवसाबद्दल मी अधिक काही बोलणार नाही.

घरी सोडायच्या आधी कोऑर्डिनेटर सिस्टरने मला आणि बायकोला समोर बसवलं आणि औषधांची नावं म्हणायला लावली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही तीन कायमची. कोट्रायमॉक्सझोल फुप्फुसाच्या एका खास संसर्गासाठी, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर सीएमव्ही विषाणूसाठी. ही दोन काही महिन्यांची. शिवाय रक्तदाबाची. “मास्तर, पोरांकडून घोकून घेता ना? आता तुम्ही घोका.” नुसती नावं सांगून भागलं नाही. कुठली गोळी कशासाठी, राहिली तर काय करायचं, ओकून पडली तर काय करायचं, हे सगळं आमच्याच तोंडून वदवून घेतलं. बायकोला माझ्या आधी पाठ झालं. मला विचाराल तर माझी किडनी आज चालते आहे त्यात सर्जनइतकाच वाटा त्या अर्ध्या तासाचा आहे.

या औषधांचं काम काय, ते एकदा नीट समजलं की पुढची बंधनं जाचक वाटत नाहीत, निदान अर्थहीन वाटत नाहीत. ताईची किडनी माझ्या शरीराला परकीच. पांढऱ्या पेशी तिला ओळखतात आणि हल्ला करतात, ते रिजेक्शन. १९५४ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांत, कारण तिथे हा प्रश्नच नव्हता. इतरांसाठी खरा दरवाजा उघडला तो पुढे, सायक्लोस्पोरिन आणि मग टॅक्रोलिमस आल्यावर. टॅक्रोलिमस १९८४मध्ये जपानातल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. आणि हे औषध घेणाऱ्याला डॉक्टर सांगतात, मातीत हात घालू नका, बुरशी असते! आमच्या कुळागरात मी आता हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय जात नाही. पावसाळ्यात, पाणी तुंबलेलं असताना, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) भीतीने मुळीच जात नाही. सुपारी वेचायला भाऊ आहे.

औषध कमी पडलं तर रिजेक्शन. जास्त झालं तर संसर्ग, हाताला कंप, साखर वाढणं, आणि गंमत म्हणजे किडनीलाच इजा, कारण टॅक्रोलिमस स्वतः किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं. मी चवथीला घुमट वाजवतो, मातीच्या घटावर कातडं ताणून केलेलं वाद्य, म्हणून मला हे घुमटाच्या कातड्यासारखं वाटलं: सैल सोडलं तर नाद नाही, फार ताणलं तर फाटतं, आणि हवा ओलसर झाली की कालची ओढ आज चालत नाही. म्हणून सारखी लेव्हल, म्हणजे रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण, बघतात. सुरुवातीच्या महिन्यांत माझी ८ ते १२च्या दरम्यान ठेवत, पुढे ५ ते ८. केंद्रागणिक हे आकडे थोडे बदलतात.

लेव्हल बघायची म्हणजे रक्त द्यायचं ते आधीच्या डोसनंतर बारा तासांनी, पुढचा डोस घ्यायच्या आधी. माझ्या गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ. म्हणजे तपासणीच्या दिवशी पहाटेची कदंब बस पकडायची, सकाळची गोळी खिशात ठेवायची, रक्त देऊन झालं की मग घ्यायची. ऐकायला सोपं आहे. जवळच्या एका खासगी प्रयोगशाळेतल्या मुलीने मला सांगितलं, “गोळी घेऊन आलात तरी चालेल, काही फरक पडत नाही.” पडतो. गोळी घेतल्यावर तास-दीड तासात औषध रक्तात चढतं, आकडा मोठा येतो, तो बघून डॉक्टर डोस कमी करतात आणि किडनी उघडी पडते. त्या मुलीला कुणी शिकवलंच नव्हतं. आता मी चिठ्ठीवर स्वतः लिहून देतो: शेवटचा डोस रात्री आठ, रक्त सकाळी किती वाजता. अशी चिठ्ठी डॉक्टरांनीच छापून दिली तर किती बरं, असं मी क्लिनिकमध्ये सुचवलं होतं. अजून छापलेली नाही.

क्रिएटिनिनबद्दलही एक गोष्ट मला उशिरा उमगली. लोक त्या आकड्याकडे परीक्षेच्या निकालासारखं बघतात, मीही बघायचो. पण तो आकडा वाढतो तेव्हा आत काहीतरी होऊन गेलेलं असतं. रिजेक्शनमध्ये ताप येईल, बसवलेल्या जागी दुखेल, लघवी कमी होईल, असं पुस्तकात असतं. बऱ्याच वेळा यातलं काहीच होत नाही. म्हणून त्याच्या आधी बोलणाऱ्या गोष्टी बघायच्या: लेव्हल, रोजचं वजन, सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब, पायावरची सूज, लघवीतली प्रथिनं. आमच्या घरात शाळेचीच एक लांब वही आहे, तिच्यात मुलगी हे सगळं लिहिते. ती सातवीत होती तेव्हा सुरू केलं. आता तिला कुठला आकडा बघून आईला हाक मारायची आणि कुठल्याकडे दुर्लक्ष करायचं, हे कळतं.

इस्पितळातून निघताना आहाराचा छापील कागद मिळाला. ग्रेपफ्रूट खाऊ नका, सुशी खाऊ नका, न तापवलेल्या दुधाचं चीज खाऊ नका. डिचोलीच्या बाजारात मी यातलं काहीही कधी पाहिलेलं नाही. कागद चुकीचा नव्हता. तो दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेला होता. बायको हुशार. तिने वर्षभरात आमच्या घरात काय काय शिजतं, काय कच्चं खाल्लं जातं, शेजारून काय येतं, देवळातून काय येतं, याची यादी केली आणि पुढच्या खेपेला आहारतज्ज्ञ मॅडमसमोर ठेवली. मॅडम त्या भागातल्याच होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेका ओळीवर खूण करत गेल्या.

पपनस बंद. ग्रेपफ्रूटमधला जो गुण टॅक्रोलिमस रक्तात वाढवतो तो पपनसातही आहे. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी टांगतात, तिला पपनस बांधलेलं असतं, विसर्जनानंतर ते फोडून घरभर वाटायचं. मी त्याच्याकडे नुसतं बघायचं. बिंबलं आणि कमरखं ही आंबट फळं बंद. दोन्हींत ऑक्झलेट भरपूर, ते मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत खडे होऊन बसतं. बिंबलांचा रस पिऊन धडधाकट माणसांची मूत्रपिंडं बंद पडल्याच्या नोंदी केरळातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. आमच्या परसात बिंबलाचं झाड आहे, खोडालाच घोस लागतात, आणि बांगड्याच्या हुमणात आई तीच घालायची. आता सोलं घालते. तिसऱ्या, शिनाणे, कालवं: हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. पूर्ण शिजवून, तेही चांगल्या ठिकाणची असतील तर, आणि पहिल्या वर्षात नकोतच. कालवं अर्धी कच्ची खायची ज्यांना हौस असते त्यांनी तर ऐकाच. ताजी मासळी खुशाल खा, प्रथिनं हवीतच. पण सुके बांगडे आणि सुंगटांची किसमूर म्हणजे मीठ, आणि मीठ म्हणजे रक्तदाब. शहाळं रोज नको. टॅक्रोलिमसने पोटॅशियम आधीच वाढतं, शहाळ्यात ते भरपूर. विहिरीचं पाणी उकळून. दूध तापवून. कापून ठेवलेली फळं नाहीत, उघड्यावरची चटणी नाही.

आई हे सगळं ऐकून म्हणाली, “मग हा खाणार काय?” खातो की. भात, हुमण, उकडलेली भाजी, पोदेराचे गरम पाव. माझं वजन उलट वाढलं, कारण प्रेडनिसोलोनने भूक राक्षसासारखी लागते. चेहरा गोल झाला, साखर काठावर गेली. ती काठावरच ठेवायची म्हणून संध्याकाळी चालतो.

तीर्थाचा प्रश्न राहिला होता. पंचामृतात कच्चं दूध, तीर्थात विहिरीचं पाणी. मी ते हातावर घेतो आणि डोक्याला लावतो. भटजींना एकदा सांगून ठेवलं, त्यांनी मान डोलावली, त्यांची स्वतःची साखर तीनशे आहे.

देवाला समजावणं सोपं, माणसांना कठीण. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला गोव्यात सगळ्यात जास्त धोका कुठला, असं मला विचाराल तर मी म्हणेन, प्रेमाचा. भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. एक आला तो पुनर्नव्याचा काढा घेऊन. दुसऱ्याने वेलीच्या मुळ्या आणल्या, जुनं गावठी औषध म्हणून. ती वेल ईश्वरी, सापसंद. तिच्या कुळातल्या वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं आणि ते मूत्रपिंडाला घातक आहे, हे १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या औषधांतून उघडकीला आलं. तिसऱ्याने गुळवेल आणली, “प्रतिकारशक्ती वाढेल मास्तर”. आता या भल्या माणसाला काय सांगायचं, की मी महिन्याला काही हजार रुपये खर्च करतो ते प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला! करोनात घरोघरी गुळवेल उकळत होती, आणि २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुर्वेदावर माझा राग नाही. माझ्या आजोबांचा दमा एका वैद्यांनी सांभाळला. पण माझ्या अंगात तीन औषधं एकमेकांना तोलून उभी आहेत आणि चौथं काय करील, हे कुणी मोजलेलं नाही.

मी नम्रपणे नको म्हणत राहिलो तर लोकांना वाईट वाटायचं. शेवटी बायकोने युक्ती काढली. आणलेली वस्तू ती हसून घेते, “डॉक्टरांना दाखवते हां” म्हणते आणि फडताळात ठेवते. दाखवतेही. गुळवेलीची बाटली बघून नेफ्रॉलॉजिस्टनी तिला हात जोडले.

औषधाच्या दुकानात तर अजून जपून. पाठ दुखते म्हटलं की काउंटरवरचा पोरगा डायक्लोफिनॅक काढतो. ती आणि आयबुप्रोफेनसारखी दुखणं थांबवणारी औषधं किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. मला पॅरासिटामॉल चालते, तेही विचारून. घसा दुखला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन घेतलं किंवा नायट्यासाठी फ्लुकोनॅझोल घेतलं तर टॅक्रोलिमसची लेव्हल आकाशाला भिडते. क्षयासाठीचं रिफाम्पिसिन किंवा फिटसाठीचं फेनिटॉइन घेतलं तर ती जमिनीला लागते. आणि कंपनी बदलायची नाही. एकदा नेहमीच्या कंपनीचं टॅक्रोलिमस संपलं होतं, दुकानदार म्हणाला, “हे घ्या, औषध तेच.” औषध तेच असतं, पण शोषण थोडं इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून बदललं तर डॉक्टरांना सांगून लेव्हल पुन्हा तपासायची. मी दुसऱ्या दुकानात गेलो. तेव्हापासून पंधरा दिवसांचा साठा घरात जास्तीचा असतो, पाकिटातच, कारण आमच्या पावसाळ्यात उघडी कॅप्सूल ओल धरते.

आता चवथीची गोष्ट. दुसरं वर्ष. घरात पाहुणे, आरत्यांना गर्दी, आणि तिसऱ्या दिवशी अर्ध्या घराला जुलाब. मलाही लागले. घरचे सगळे म्हणत होते, आता औषध शरीरात राहणार नाही, धुऊन जाईल, एखादी गोळी जास्त घे. ऐकायला अगदी पटण्यासारखं. होतं नेमकं उलटं. आतड्याच्या अस्तरात एक यंत्रणा असते, ती एरवी बरंचसं टॅक्रोलिमस रक्तात पोचण्याआधीच मोडून काढते. जुलाबाने अस्तर दुखावलं की ही यंत्रणा मंदावते आणि जास्त औषध आत शिरतं. वर अंगातलं पाणी कमी झालेलं, म्हणजे किडनीला दोन्हीकडून मार. हे मला सिस्टरच्या त्या अर्ध्या तासामुळे माहीत होतं. सकाळी वजन केलं तर कालच्यापेक्षा दोन किलो कमी. वहीतले आकडे सिस्टरला फोनवर वाचून दाखवले. तिने ओआरएस सुरू करायला सांगितलं, जुलाब थांबवणारी गोळी मनाने घ्यायची नाही, टॅक्रोलिमस मनाने बंदही करायचं नाही, आणि लगेच निघा. क्रिएटिनिन १.८, लेव्हल १४. सलाइन लावलं, विष्ठा तपासली, टॅक्रोलिमसचा डोस उतरवला, मायकोफेनोलेट थोडे दिवस कमी केलं, कारण तेही जुलाब लावतं. आठवड्याभरात आकडे परतले. त्या वर्षी विसर्जन मी बघितलं नाही. मुलीने व्हिडिओ कॉलवर गणपती दाखवला, नेटवर्क नदीवर गेलं.

सांगायचं कारण असं, की याच प्रकारात किडनी गमावलेले लोक आहेत. जुलाबाने नाही, दोन दिवस वाट बघितल्याने.

माझ्याबरोबर डायलिसिसला एक तरुण असायचा, किनाऱ्यावरच्या हॉटेलात कामाला. त्याचं प्रत्यारोपण राज्याबाहेर झालं. आपल्याकडे बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) होतं, पण काही जण बेळगाव, मुंबई, बंगळूर गाठतात. आईची किडनी. उत्तम चालली. सीझन सुरू झाला आणि त्याची रात्रपाळी लागली. सकाळी आठ म्हणजे त्याची झोपेची वेळ, रात्री आठ म्हणजे टेबलांवर सगळ्यात गर्दीची. संध्याकाळच्या गोळ्या मागेपुढे होऊ लागल्या, मग राहू लागल्या. अंगात काहीच जाणवलं नाही, हाच तो धोका. तपासणीत क्रिएटिनिन दुप्पट निघालं, बायोप्सीत रिजेक्शन. तीन दिवस मिथाइलप्रेडनिसोलोनची इंजेक्शनं झाली, किडनी वाचली पण पूर्वीची राहिली नाही. सगळ्यांनी त्याला बेजबाबदार ठरवलं. मला ते पटत नाही. तू कामावर किती वाजता जातोस, हे त्याला एकाही माणसाने विचारलं नव्हतं. त्याच्या वेळा सहा आणि सहा करता आल्या असत्या. दिवसातून एकदाच घ्यायचं टॅक्रोलिमसही मिळतं, ते डॉक्टरांना बघता आलं असतं. औषध चुकवण्याला रुग्णाचा दोष म्हणून फाइलवर लिहिणं फार सोपं आहे. आज प्रत्यारोपणानंतर पहिल्या वर्षात नव्वद टक्क्यांहून जास्त किडन्या चालतात. खरी गळती नंतर, अशी सावकाश, घरात आणि कामाच्या जागी होते.

शाळेत मी काही महिन्यांनी परतलो. मुलांना मास्कची सवय होती, करोनानंतरची पोरं ती. फळ्यावर लिहिताना हात कापायचा; टॅक्रोलिमसचाच प्रताप, डोस उतरला तसा कमी झाला. दुसरीतल्या पोरांना मी सांगितलं, मास्तरांचं अक्षर आता तुमच्यासारखं झालंय. मोठी धास्ती होती कांजिण्यांची. वर्गातल्या एका मुलाला आल्या. लहानपणी होऊन गेल्या असल्या तरी प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाने त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं असतं, कारण ज्याला त्या कधी झालेल्या नसतात त्याला काही दिवसांच्या आतच औषध द्यावं लागतं. माझी प्रतिपिंडं ऑपरेशनच्या आधीच तपासून ठेवलेली होती, ती होती, म्हणून नुसतं लक्ष ठेवलं. प्रत्यारोपणाच्या रांगेत असणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो: लसी आधी पूर्ण करा. हेपटायटिस बी, न्यूमोकोकल, आणि जिवंत विषाणूंच्या ज्या लसी असतात त्या तर आधीच, कारण नंतर त्या घेताच येत नाहीत. फ्लूची लस मी दरवर्षी पावसाळ्याआधी घेतो.

घुमटाचं विचारायला मी फार लाजत होतो. माणूस मरणातून उठलेला आणि याला घुमटाचं पडलंय, असं डॉक्टर म्हणतील वाटलं. त्यांनी आधी विचारलं, घुमट धरतात कसं? मी उठून दाखवलं: गळ्यात अडकवायचं, तोंड पोटाला टेकवायचं. नवी किडनी कातडीच्या अगदी खाली, कमरेच्या हाडाच्या आधाराने बसलेली असते, बरगड्यांचं संरक्षण तिला नाही. तिथे मार लागता कामा नये. ठरलं ते असं: जखम पूर्ण भरेपर्यंत नाही, नंतर बसून, डाव्या मांडीवर, आणि गर्दीत मध्यभागी नाही, दाराशी. आता मी दाराशी बसतो. मंडळातल्या पोरांनी माझी जागा ठरवून टाकली आहे, दुसरा कुणी बसला तर उठवतात.

ताईबद्दल लिहायलाच हवं, कारण तिच्याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं. दात्याला एका किडनीवर नीट जगता येतं, उरलेली किडनी थोडी वाढून काम उचलते, हे खरं. पण वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं बघायलाच हवीत, जन्मभर. माझी तपासणी चुकली तर क्लिनिकमधून फोन येतो. तिला आला नाही. म्हणून आम्ही तिची तारीख माझ्या तारखेला जोडून घेतली. ती साखळीहून येते, मी डिचोलीत बसमध्ये चढतो. गेल्या वर्षी तिचा रक्तदाब थोडा वर होता. मी तिला मिठावरून बोललो. ती म्हणाली, “तू आता मला शिकव.” किसमूर मात्र तिने सोडलेली नाही, मला वहिनीकडून कळलं.

यंदाच्या माझ्या तपासणीत क्रिएटिनिन १.४ आहे, लेव्हल साडेसहा. लघवीत प्रथिनांचा थोडा अंश दिसतोय. आयजीएचा आजार बसवलेल्या किडनीतही परत येऊ शकतो, ते टॅक्रोलिमसने थांबत नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा लघवी तपासायला सांगितली आहे. अंश वाढला तर बायोप्सी. वहीत मुलीने त्यासाठी एक नवा रकाना आखला आहे.